आरशाविना कॅमेरा आणि आमसुली रंग

सांगलीच्या कापड पेठेतील एका घाऊक साडीविक्रेत्याच्या दुकानात मागील दिवाळीपूर्वी बारा दिवस एक पार्सल परत आले. आत १८ साड्या होत्या, घडीही न मोडलेल्या. सोबतच्या कागदावर लातूरकडील व्यापाऱ्याने एवढेच लिहिले होते, की फोटोतील माल पाठवावा, हा तो नव्हे. साड्यांचा रंग आमसुली. वाळलेल्या आमसुलाला असतो तसा, तांबूसपणाकडे झुकणारा. मोबाइलवर पाठविलेल्या छायाचित्रात मात्र त्या स्पष्ट जांभळ्या दिसत होत्या, पिकल्या वांग्यासारख्या चकचकीत. छायाचित्र काढले होते दुकानाच्या धाकट्या मुलाने आणि त्यासाठी वापरलेला मिररलेस कॅमेरा अक्षय तृतीयेच्या मुहूर्तावर लेन्ससह १,१२,००० रुपयांना घेतलेला होता.

ही खरेदी घरात सहज झालेली नव्हती. वडिलांना, म्हणजे घरच्यांच्या आणि पेठेतल्या बहुतेकांच्या अण्णांना, कॅमेऱ्याचे वावडे होते असे नाही. त्यांच्या तरुणपणी त्यांच्याजवळही एक पेंटॅक्स होता. परंतु हातातल्या मोबाइलवर चालणाऱ्या कामासाठी एवढी रक्कम गुंतवावी काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता. धाकट्याचे उत्तरही निराधार नव्हते. आता गावोगावचे किरकोळ व्यापारी माल पाहायला पेठेत येत नाहीत; ते चित्र पाहून मागणी नोंदवितात. चित्र चांगले असेल तर माल उठतो. शेवटी अण्णांनी होकार दिला, बिल दुकानाच्या नावे झाले आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे १७,००० रुपये, वळते करून घेता येतील हा मुद्दा मुलाने विजयी मुद्रेने मांडला. करसल्लागाराने त्यावर थोडे पाणी ओतले. जेवढा वापर धंद्यासाठी तेवढेच क्रेडिट. घरच्या लग्नाचे आणि सहलीचे फोटो त्यात धरता येत नाहीत. आयकरात अशा वस्तूवर १५ टक्के घसारा मिळतो, पण बाजारातील घसारा त्याहून कितीतरी भरधाव असतो, हेही त्याने जाता जाता सांगितले. नवे मॉडेल आले की जुन्याची किंमत किती उतरते हे ज्याने कॅमेरा विकून पाहिला आहे त्यालाच ठाऊक.

मिररलेस या नावात काय नाही ते सांगितले आहे; काय आहे ते नाही. पूर्वीच्या एसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे ४५ अंशांत तिरका ठेवलेला एक आरसा असे. लेन्समधून आलेला प्रकाश त्या आरशावर आपटून वर जाई आणि काचेच्या प्रिझममधून फिरून डोळ्यापर्यंत पोहोचे. बटण दाबताच आरसा वर उचलला जाई, पडदा उघडे, प्रकाश फिल्मवर किंवा सेन्सरवर पडे आणि आरसा परत खाली येई. तो परिचित ‘खटाक्’ आवाज मुख्यतः या आरशाच्या उड्यांचा. २००८ साली पॅनासॉनिकने आरसा काढून टाकून लेन्स बदलता येणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला, २०१३ मध्ये सोनीने मोठ्या, पूर्ण आकाराच्या सेन्सरसह तेच केले आणि २०१८ मध्ये कॅनन व निकॉन या दोन्ही जुन्या पेढ्यांनी पूर्ण आकाराच्या सेन्सरचे मिररलेस काढले. आता सेन्सरवर प्रकाश सतत पडत राहतो आणि डोळ्याशी धरलेल्या व्ह्यूफाइंडरमध्ये एक इवलासा पडदा असतो, टीव्हीसारखा. त्यावर जे दिसते ते कॅमेऱ्याने तयार केलेले चित्र असते.

या बदलाचे गुणगान करताना सांगितले जाते, की आता फोटो काढण्यापूर्वीच तो कसा येणार हे कळते. हे खरे आहे आणि त्याचा लाभ मोठा आहे. कुंभोजच्या बाहुबली क्षेत्रावरील २८ फुटी शुभ्र संगमरवरी मूर्तीचे छायाचित्र ज्यांनी जुन्या कॅमेऱ्याने घेतले असेल, त्यांना तो अनुभव आठवेल. कॅमेऱ्याचे मीटर समोरील सर्व काही सरासरी करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरून चालते. त्यामुळे भर उन्हातील पांढरा संगमरवर चित्रात मळकट राखाडी येतो आणि घरी आल्यावर कळते. मिररलेसमध्ये तो राखाडीपणा तिथल्या तिथे डोळ्यांना दिसतो, अंगठ्याने एक चाक फिरवून प्रकाश वाढविता येतो आणि मूर्ती पुन्हा पांढरी होते. धाकट्याने पहिल्याच भेटीत ते साधले होते, आणि त्यातूनच त्याचा त्या इवल्या पडद्यावर पूर्ण विश्वास बसला.

आमसुली साडीने तो विश्वास खोटा पाडला. काय घडले ते नीट पाहण्याजोगे आहे. साडी दाराजवळच्या दांडीवर टांगलेली होती आणि तिच्यावर बाहेरचा दिवसाचा प्रकाश पडत होता. मागे दुकानाच्या आतील भागात पिवळसर एलईडी दिवे होते. कॅमेऱ्याचा रंगसमतोल आपोआप ठेवलेला. चौकटीत पिवळेपणा पुष्कळ आहे असे पाहून यंत्राने तो घालविण्यासाठी सर्व चित्र निळसर केले. आतील दिवे त्यामुळे पांढरे दिसू लागले, परंतु दारातल्या प्रकाशातील साडीला पिवळा रंग लागलेलाच नव्हता. तिच्यावर फुकटचा निळा चढला आणि तांबूस आमसुलाचे जांभळे झाले. त्यात चित्रशैली ‘व्हिव्हिड’ ठेवलेली, म्हणजे रंग मुद्दाम भडक करणारी. व्ह्यूफाइंडरमध्ये हे जांभळे चित्र फारच देखणे दिसले. साडी हाताच्या अंतरावर होती. मुलाने डोळा पडद्यावरून काढून साडीकडे एकदाही पाहिले नाही.

जुन्या कॅमेऱ्यात ही चूक अशा रीतीने झाली नसती. तिथे डोळ्याला काचेतून खुद्द साडीच दिसे. तिचे चित्र कसे येईल हे मात्र दिसत नसे. नव्यात चित्र दिसते, साडी दिसत नाही.

पार्सल आले त्या रात्री दुकान वाढविल्यानंतर अण्णांनी ते छायाचित्र आणि साडी शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग त्यांनी एकच विचारले, “हा फोटो आणखी कुणाकुणाला पाठवलास?”

चौतीस व्यापाऱ्यांना पाठविलेला होता. त्यांपैकी लातूरवाला धरून दहाजणांनी माल उचललेला.

“उद्या बाकीच्या नऊ जणांना फोन करायचा. रंग फोटोप्रमाणे नाही, पसंत नसेल तर आमच्या खर्चानं परत पाठवा म्हणायचं.”

“अण्णा, त्यांची काही तक्रार नाही. आपणहून कशाला उकरून काढायचं? दिवाळी तोंडावर आलीय.”

“तक्रार आली नाही म्हणजे रंग जुळला असं होत नाही. आणि दिवाळी त्यांचीही तोंडावर आलीय.”

नियमित स्वाध्याय करणाऱ्या घरात ज्या शब्दाची आठवण व्हावी तो अण्णांनी उच्चारला नाही, पण तो दोघांच्याही मनात असणार. तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत त्यांत शेवटचा प्रतिरूपक व्यवहार. अस्सलासारखा दिसणारा कमअस्सल माल अस्सलाच्या भावाने देणे, असा त्याचा अर्थ लावतात. तुपात भेसळ, सोन्यात तांबे, ही नेहमीची उदाहरणे. प्रतिरूप म्हणजे प्रतिमासुद्धा. आमसुली साडीत भेसळ काही नव्हती, माल चोख होता, भावही वाजवी. फसविण्याचा हेतू तर कुणाचाच नव्हता. तथापि ज्याने पैसे मोजले त्याने प्रतिमा पाहून मोजले, आणि प्रतिमा खोटी होती. हेतू नसल्याने दोष किती हलका होतो याचा निर्णय शास्त्रज्ञांनी करावा. व्यापाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन उचलावा लागतो.

नऊ फोन झाले. पाचजणांनी माल विकूनही टाकला होता किंवा त्यांना रंग पसंत होता. चौघांनी मिळून ४१ साड्या परत केल्या. त्यांतील एक नांदेडचे वृद्ध व्यापारी म्हणाले, की रंग वेगळा आहे हे गठ्ठा सोडला तेव्हाच ध्यानात आले होते, परंतु तीस वर्षांच्या व्यवहारात एवढ्यासाठी कुठे बोलायचे म्हणून गप्प बसलो. पुढच्या खेपेला मात्र दुसरीकडे मागणी नोंदवायचे ठरविले होते. हे वाक्य धाकट्याने स्वतःच्या कानांनी ऐकले, कारण फोन त्यालाच करायला लावलेले होते.

हिशेब असा झाला. लातूरच्या १८ आणि या ४१ मिळून ५९ साड्या. ९५० रुपयांचा माल सण उलटल्यावर ८०० रुपयांना काढावा लागला, म्हणजे ८,८५० रुपयांची घट. परतीचे भाडे १,८०० रुपये. एकूण १०,६५० रुपये. कॅमेऱ्याच्या किमतीच्या जवळजवळ दहावा हिस्सा एका छायाचित्रात गेला. नांदेडचे गिऱ्हाईक राहिले, त्याची किंमत खतावणीत कुठल्याच सदराखाली येत नाही.

दिवाळीनंतर दुकानात छायाचित्रणाची नवी रीत बसविण्यात आली आणि तिच्यातील सर्वांत उपयोगी युक्ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. मुलाने करडे कार्ड आणले. त्याच्यावरून कॅमेऱ्याला त्या प्रकाशातील खरा समतोल शिकविता येतो. साधा पांढरा कागद या कामाला चालत नाही, कारण त्यात उजळपणासाठी घातलेले द्रव्य निळसर झाक देते. दिवे बंद करून सकाळी नऊ ते अकरा या वेळात, उत्तरेकडील खिडकीच्या एकाच प्रकाशात फोटो काढावयाचे ठरले. भडक शैली बंद झाली. परंतु अण्णांचे म्हणणे पडले, की हे सगळे इथे झाले, तिकडे गिऱ्हाइकाच्या मोबाइलचा पडदा पिवळा की निळा हे कुणी सांगावे? मग त्यांनी गठ्ठ्यातून मांजरपाटाचा वीतभर तुकडा फाडला आणि सांगितले, की प्रत्येक साडीच्या पदराशी हा ठेवून फोटो काढ. मांजरपाट कसा दिसतो हे कापडाच्या कुठल्याही व्यापाऱ्याला झोपेतसुद्धा माहीत असते. तोच फोटोत निळसर दिसला तर साडीचाही रंग त्या मानाने उतरवून घ्यावा, हे त्याला सांगावे लागत नाही. छायाचित्रकार ज्यासाठी महागडे रंगपट्टे विकत घेतात ते काम एका वीतभर जाड्याभरड्या कापडाने भागविले.

काही अडचणी त्यानेही सुटल्या नाहीत. मोरपंखी आणि गडद राणी हे रंग इतके तीव्र असतात, की सामान्य पडद्यांच्या आवाक्यातच ते बसत नाहीत. तिथे चित्राखाली ‘प्रत्यक्ष रंग अधिक गडद’ असे लिहिण्याला पर्याय नाही. धूपछांव वाणाचे तर विचारूच नये, ती साडी कोन बदलला की दुसरी होते. तिचे दोन फोटो पाठवितात. बारीक चौकडीच्या इरकली वाणावर निराळाच चमत्कार दिसला. कापडाची वीण आणि सेन्सरवरील बिंदूंची जाळी एकमेकींत अडकून चित्रात इंद्रधनुषी लाटा उमटल्या. एका बाईंनी ‘ती लाटांची नक्षीवाली’ म्हणून तीच मागितली. मुलाने दोन पावले मागे सरून, थोडा कोन बदलून फोटो घेतला तेव्हा लाटा गेल्या आणि बाईंची मागणीही गेली.

चमकेचा प्रश्न यांहून नाजूक होता. या घराण्यात आजोबांच्या काळापासून रेशमी माल ठेवीत नाहीत. कोशातील किड्यांच्या हिंसेमुळे तो बंद झाला तो कायमचा. दुकानात सूत आणि कृत्रिम रेशीम. आता कृत्रिम रेशमावर बाजूने तिरका प्रकाश टाकला तर त्याची झळाळी फोटोत अशी काही येते, की जाणत्यालाही शुद्ध रेशमाचा भास व्हावा. मुलाला ते जमू लागले होते आणि सुंदर जमत होते. ते थांबले नाही. मात्र प्रत्येक चित्रावर ‘कृत्रिम रेशीम’ ही अक्षरे आता ठळक असतात, आणि ती कोपऱ्यात नसून पदरावर असतात.

या सर्वांच्या महिनाभर आधी, दशलक्षण पर्वात, त्याच कॅमेऱ्याने घरात वेगळा प्रसंग निर्माण केला होता. आजींचे दहा उपवास चालू होते. वय ७८. मिररलेसमध्ये आरसा नाही आणि पडद्याची यांत्रिक हालचालही बंद ठेवता येते, त्यामुळे फोटो पूर्णपणे निःशब्द निघतो. मंदिरातील अभिषेकात, प्रवचनात या गुणाची महती पटते. जुन्या कॅमेऱ्याच्या खटखटीने प्रवचनकार थांबून पाहत, ते दिवस गेले. आजी सामायिकाला बसल्या असताना नातवाने दाराच्या चौकटीतून तेवीस फोटो घेतले. मिटलेले डोळे, मांडीवर ठेवलेले हात, खिडकीतून येणारी तिरीप. आवाज तसूभर झाला नाही.

सामायिक आटोपल्यावर आजींनी त्याला हाक मारली. “आवाज झाला नाही म्हणून मला समजलं नाही, असं वाटलं होय तुला?”

“आज्जी, फार सुंदर आलेत गं फोटो. बघ तरी.”

“सुंदर असतील. मला विचारलं होतंस?”

त्याने नाही म्हटले. आजी रागावल्या नाहीत, परंतु फोटो पुसून टाकायला सांगितले आणि त्यांच्यासमोर तेवीसच्या तेवीस पुसले गेले. तंत्रज्ञानाच्या स्तुतिपाठकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट त्या वृद्धेने नेमकी हेरली होती. जुन्या कॅमेऱ्याचा आवाज ही एक प्रकारची सूचना असे. ज्याचे चित्र घेतले जात आहे त्याला कळे, नको असेल तर तो तोंड फिरवू शके. आवाज गेला तेव्हा ही सोयही गेली. क्षमावणीच्या दिवशी नातू वाकला तेव्हा आजींनी विषयसुद्धा काढला नाही.

पारण्याचे फोटो काढायला मात्र त्यांनी स्वतःहून बोलावले. दुर्दैवाने निःशब्द शटर सामायिकाच्या दिवसापासून तसेच चालू राहिले होते. मंडपातील एलईडी दिवे आपल्याकडील ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंदावतात व उजळतात. डोळ्याला ते उमगत नाही. निःशब्द पद्धतीत सेन्सर संपूर्ण चित्र एकदम टिपत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. त्यामुळे काही ओळी उजेडाच्या क्षणी, काही अंधाराच्या क्षणी वाचल्या जाऊन चित्रावर आडवे पट्टे उठतात. आजींच्या ओठांशी पहिला घोट नेणाऱ्या थोरल्या सुनेचा हात, आजींचा चेहरा, भोवतीची नातवंडे, सर्वांवर ते काळसर पट्टे आले. यांत्रिक शटर सुरू करून वेग १/५० किंवा १/१०० ठेवला असता तर हे टळले असते. व्ह्यूफाइंडरमध्ये पट्टे अंधूक दिसत होते असे मुलाला नंतर आठवले. घाईत त्याने ते पडद्याचेच थरथरणे मानले. तासाभराने बॅटरीही संपली, कारण त्या इवल्या पडद्याला सतत वीज लागते आणि दुसरी बॅटरी दुकानात राहिली होती. खिडकीपाशी, दिव्यांपासून दूर घेतलेला एकच फोटो निर्दोष निघाला. त्यात आजी नातवाकडे पाहत आहेत.

तो फोटो अण्णांच्या जुन्या लेन्सने घेतलेला होता, आणि त्या लेन्सचीही एक हकिगत आहे. अण्णांनी कधीकाळी फिल्मवर छायाचित्रण सोडले ते खर्चामुळे नव्हे. फिल्मवरील प्रकाशग्राही थर जिलेटिनमध्ये कालविलेला असतो आणि जिलेटिन जनावरांच्या कातड्यांपासून व हाडांपासून निघते, हे त्यांना एका मित्राकडून समजले. १८७१ साली इंग्लंडमधील रिचर्ड लीच मॅडॉक्स या डॉक्टरांनी ही युक्ती सुचविली, तेव्हापासून फिल्मयुग संपेपर्यंत तिला पर्याय निघाला नाही. अण्णांनी कॅमेरा कपाटात ठेवला तो ठेवलाच. २०१९ च्या महापुरात खालच्या कप्प्याबरोबर कॅमेरा गेला, वरच्या कप्प्यातील ५० मिलिमीटरची लेन्स वाचली. आरसा नसल्यामुळे मिररलेसमध्ये लेन्स आणि सेन्सर यांच्यातील अंतर अगदी थोडे, या कॅमेऱ्यात १८ मिलिमीटर. जुन्या पेंटॅक्सला ४५.४६ लागत. मधली २७.४६ मिलिमीटरची जागा भरून काढणारी धातूची एक पोकळ कडी आणली, की जुनी लेन्स नव्या यंत्रावर बसते. स्वयंचलित फोकस नाही, हाताने कडे फिरवावे लागते.

अण्णांना वाटले, आता सेन्सरच्या कृपेने जिलेटिनचा प्रश्न सुटला. मुलाने चौकशी केली तेव्हा कळले, की लग्नाच्या अल्बमासाठी प्रयोगशाळेत जे चंदेरी क्षारांच्या कागदावर प्रिंट काढतात त्याच्या थरात ते आजही आहे. त्यामुळे आजींचा फोटो छापलेला नाही. तो दुकानातल्या संगणकाच्या पडद्यावर असतो. सकाळी संगणक चालू केला की आधी आजी दिसतात, मग मालाची यादी.

मांजरपाटाचा पहिला तुकडा आठ महिन्यांत हाताळून मळला आणि पिवळट झाला. धाकट्याने तो धुवायचे म्हटले. अण्णांनी नको म्हटले, धुतल्यावर तो मूळचा राहणार नाही. त्याच ठाणातून आणखी बारा तुकडे फाडून, कागदात गुंडाळून, अंधाऱ्या कप्प्यात ठेवले आहेत. प्रत्येकावर क्रमांक घातला आहे. सध्या दुसरा चालू आहे.